छायाचित्र टिकवायचे, तर फाइल कोणती?

घरातील वडीलधारे माणूस अचानक जाते. गंधमुक्तीच्या कार्यक्रमाआधी भिंतीवर लावण्यासाठी तसबीर हवी असते. मग घरातल्या सर्वांचे मोबाइल तपासले जातात. दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नातला आठ जणांचा फोटो सापडतो. त्यात आजोबा छान हसत असतात. तो फोटो घेऊन मुलगा किंवा नातू जळगावच्या वा धुळ्याच्या एखाद्या स्टुडिओत जातो आणि स्टुडिओवाला पहिला प्रश्न विचारतो, 'ओरिजिनल आहे का?' ओरिजिनल नसते. ज्याने फोटो काढला, त्याने फोन बदललेला असतो. हाती उरलेली असते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन-चार ग्रुपमधून फिरत आलेली प्रत.

या प्रसंगात नेमके काय हरवले, हे आकड्यांत सांगता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आडव्या बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. त्यात आठ माणसे असतील, तर एका चेहऱ्याच्या वाट्याला सव्वाशेच्या आसपास पिक्सेल येतात. तसबिरीत तो चेहरा पाच इंच रुंद हवा असेल, तर दर इंचाला जेमतेम २५ ठिपके मिळतात. हातात धरून पाहायच्या चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके लागतात, अगदी भागवायचे म्हटले तरी १५०. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० पिक्सेल रुंदीचा होता. तोच चेहरा त्यात अडीच पट तपशिलाने होता आणि त्यावर दाबणीचे डागही नव्हते. स्टुडिओवाला संगणकावर चेहरा गुळगुळीत करून देतो. तो माणसासारखा दिसतो, पण आजोबांसारखा दिसत नाही.

फाइलच्या प्रकाराची निवड हा विषय छंदिष्टांचा किंवा व्यावसायिक छायाचित्रकारांचा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नोकरीचा अर्ज भरणारा विद्यार्थी, वादळाने आडव्या झालेल्या केळीचा फोटो काढणारा रावेर-यावलचा शेतकरी, सराफ बाजारातला दागिन्यांचा विक्रेता आणि जुन्या पोथ्या सांभाळणारी संस्था अशा सर्वांशी त्याचा संबंध येतो. जेपेग, रॉ, टिफ, पीएनजी, एचईआयसी ही नावे ऐकून गोंधळून जाण्याचे कारण नाही. यातल्या प्रत्येक प्रकाराचा जन्म एका विशिष्ट गरजेतून झाला आहे. ती गरज समजली की निवड सोपी होते.

निगेटिव्ह आणि प्रिंट

खान्देशातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगण्यासाठी चाळीसगावचे केकी मूस यांचे उदाहरण जवळचे आहे. १९१२ साली जन्मलेल्या आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी निवर्तलेल्या या कलावंताने आयुष्याची कित्येक दशके चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरात जवळजवळ एकांतात काढली. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा वळवून निसर्गदृश्याचा भास निर्माण करणाऱ्या 'टेबलटॉप' छायाचित्रणासाठी त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे घर आज संग्रहालयाच्या रूपात जपले गेले आहे.

त्या काळच्या छायाचित्रणात दोन वस्तू असत. एक निगेटिव्ह आणि दुसरी प्रिंट. निगेटिव्ह हे मूळ. त्यात दृश्याची सारी माहिती असे, पण ती थेट पाहण्यासाठी नसे. अंधाऱ्या खोलीत बसून त्यातला कोणता भाग उजळायचा, कोणता गडद ठेवायचा, हे कलावंत ठरवी आणि मग कागदावर प्रिंट उतरे. एकाच निगेटिव्हवरून दहा वेगवेगळ्या प्रिंट काढता येत. प्रिंट फाटली तरी चाले, निगेटिव्हवर मात्र ओरखडाही चालत नसे.

डिजिटल कॅमेऱ्यात रॉ फाइल हे निगेटिव्ह आहे आणि जेपेग ही प्रिंट आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाखो सूक्ष्म बिंदू असतात. हे बिंदू केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतात, त्यांना रंग ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी शोधलेल्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या या रचनेत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. मानवी डोळा हिरव्या रंगाला अधिक संवेदनशील असल्याने ही वाटणी केलेली आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यानुसार १ कोटी २० लाख बिंदू हिरवा रंग मोजतात, तर लाल आणि निळा प्रत्येकी ६० लाख बिंदू.

या बिंदूंवरचे कच्चे आकडे जसेच्या तसे साठवले की रॉ फाइल तयार होते. निकॉन तिला एनईएफ म्हणते, कॅननच्या फाइलच्या नावापुढे सीआर २ किंवा सीआर ३ लागते, सोनीच्या फाइलला एआरडब्ल्यू. जेपेग निवडले, तर कॅमेरा स्वतःच त्या आकड्यांवरून पूर्ण रंगीत चित्र बनवतो, पांढऱ्या रंगाची छटा ठरवतो, थोडा उठाव देतो, चित्र दाबून लहान करतो आणि मूळ आकडे टाकून देतो. वांगे भाजून भरीत करण्यासारखाच हा प्रकार आहे. भरीत तयार असते, लगेच पानात वाढता येते, पण त्यातून पुन्हा वांगे काढता येत नाही.

जेपेग काय टाकून देते?

जेपेग हे नाव ज्या तज्ज्ञगटावरून पडले, तो १९८६ साली स्थापन झाला आणि त्याचे मानक १९९२ मध्ये निश्चित झाले. त्याच्या मुळाशी असलेल्या गणिताचा भारताशी निकटचा संबंध आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी १९७२ साली या गणिती पद्धतीवर काम करण्यासाठी अनुदान मागितले होते. ते नाकारले गेले. तरीही त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुढे नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जगात रोज पाठवल्या जाणाऱ्या असंख्य छायाचित्रांचा भार याच गणितावर आहे.

जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे, म्हणजे प्रत्येकी ६४ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत असे पावणेचार लाख चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणाऱ्या छटा कोणत्या आणि झपाट्याने बदलणारे बारकावे कोणते, हे गणिताने वेगळे काढले जाते. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ढोबळ केले जातात किंवा गाळले जातात. डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला तितका टिपत नाही, म्हणून रंगाची माहितीही बहुधा कमी केली जाते. परिणामी ७२ मेगाबाइटचे चित्र ८ ते १२ मेगाबाइटमध्ये मावते आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

हे कसब थक्क करणारे आहे. पण त्याला मर्यादा आहेत. आकाश, चेहरा, शेत अशा सावकाश बदलणाऱ्या छटांवर जेपेग उत्तम चालते. काळ्या अक्षरांची पांढऱ्या कागदावरची तीक्ष्ण कड मात्र त्याला झेपत नाही. अक्षराभोवती करडी धूळ उडाल्यासारखी दिसते. फाइल फार दाबली, तर आकाशात चौकोनी फरशा दिसू लागतात.

जेपेगविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. फाइल वारंवार उघडून पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर उतरवल्याने ती खराब होते, हा पहिला. तसे होत नाही. फाइल उघडून, तिच्यात बदल करून ती पुन्हा जेपेग म्हणून साठवली, तरच नव्याने दाबणी होते आणि प्रत्येक खेपेला थोडे नुकसान वाढते. जेपेगचे टिफमध्ये रूपांतर केले की दर्जा सुधारतो, हा दुसरा. रूपांतराने फाइल मोठी होते, गेलेला तपशील परत येत नाही. पुढचे नुकसान थांबते, एवढाच त्याचा उपयोग.

मे महिन्यातले ऊन आणि पांढरी टोपी

रॉ फाइलचे महत्त्व खान्देशच्या उन्हात लगेच पटते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. भर दुपारी वरातीत पांढरी टोपी घातलेला, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा माणूस टिपायचा, तर कॅमेऱ्याची कसोटी लागते. टोपी नीट आली तर चेहरा काळा पडतो, चेहरा उजळला तर टोपीवरच्या चुण्या नाहीशा होतात.

जेपेगमध्ये लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे घरी येऊन संगणकावर सावली उजळताना रॉमध्ये चेहऱ्याच्या छटा सलग राहतात, जेपेगमध्ये त्यांचे पट्टे पडतात आणि रंग मातकट होतात. रॉमध्ये पांढऱ्या भागातला थोडाफार तपशीलही परत आणता येतो. तो अमर्याद नसतो. जिथे प्रकाशाने संवेदक पूर्ण भरून गेला, तिथे रॉसुद्धा हतबल असते.

मंडपातल्या रंगीत कापडातून झिरपणारा उजेड, त्यात पिवळे दिवे आणि वर एलईडीच्या माळा असे मिश्रण असेल, तर नवरीची हळद आणि शालूचा रंग दोन्ही बिघडतात. रॉ फाइलमध्ये पांढऱ्याची छटा नंतर बदलता येते. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने घेतलेला निर्णय चित्रात मुरलेला असतो. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. तिथल्या अंधूक उजेडात चित्रांचे गेरूचे आणि हिरवट रंग जपायचे असतील, तर रॉला पर्याय नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने सदैव रॉमध्येच फोटो काढावेत, असा नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण ३० मेगाबाइटची धरली, तर लग्नातल्या दोन हजार फोटोंना ६० गिगाबाइट जागा लागते. उत्तम दर्जाच्या जेपेगला २० गिगाबाइट पुरतात. शिवाय रॉमधला प्रत्येक फोटो संगणकावर घडवावा लागतो, त्यात दिवस जातात. हिवाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर पाणपक्ष्यांचे थवे टिपणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सलग फोटो काढताना रॉमुळे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण लवकर भरते आणि नेमका पक्षी झेपावताना कॅमेरा थांबतो. जेपेगवर तो बराच काळ चालत राहतो.

वृत्तछायाचित्रणात तर जेपेगला वेगळेच वजन आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ साली आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवले की, रॉवरून घडवलेले फोटो पाठवू नयेत, कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपेगच पाठवावे. वेग हे एक कारण होतेच, पण फोटोत नंतर फेरफार होऊ नये, हाही हेतू होता. रॉ म्हणजे श्रेष्ठ आणि जेपेग म्हणजे कनिष्ठ, अशी उतरंड लावता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन्ही प्रकार एकाच वेळी साठवण्याची सोय असते. घरच्या कार्यासाठी ती वापरणे हा शहाणपणाचा मध्यममार्ग आहे.

पोथीसाठी टिफ

धुळ्यात दोन संस्था अशा आहेत, जिथे हा प्रश्न हौसेपलीकडे जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या कागदपत्रांचा वारसा या मंडळाकडे आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हजारो हस्तलिखिते आहेत. समर्थांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची पोथीही तिथे आहे.

अशा कागदांचे छायाचित्र काढताना फाइलचा प्रकार हा संशोधनाचा प्रश्न होतो. मोडी लिपीत बोरू न उचलता ओळ लिहिली जाते. एखादी बारीक गाठ, एखादा काना यावरून शब्द आणि कधी कधी व्यवहाराचा आकडा ठरतो. फिकट शाईभोवती जेपेगची करडी धूळ जमली, तर तो काना शाईचा की दाबणीचा, हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला सांगता येणार नाही. तोवर मूळ कागद कसरीने खाल्लेला असू शकतो.

म्हणून जगभरच्या ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत मूळ प्रत टिफमध्ये ठेवण्याचा प्रघात रुळला. १९८६ मध्ये आल्डस कंपनीने आणलेला हा प्रकार १९९२ पासून मुळात फारसा बदललेला नाही. हे स्थैर्य हाच त्याचा गुण. टिफमध्ये काहीही न गाळता चित्र साठवता येते. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. २४ मेगापिक्सेलचे चित्र ८ बिटमध्ये ७२ मेगाबाइट आणि १६ बिटमध्ये १४४ मेगाबाइट होते. ५०० पानांची एक पोथी १६ बिटमध्ये टिपली, तर ७२ गिगाबाइट जागा जाते. त्यामुळे टिफची मूळ प्रत कुलुपात, वाचकांना देण्यासाठी जेपेग किंवा पीडीएफ, अशी दुहेरी व्यवस्था केली जाते. जेपेग २००० या वेगळ्या प्रकारात काहीही न गाळता फाइल लहान करता येते, म्हणून काही मोठ्या संस्थांनी तोही स्वीकारला आहे.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्यासाठी 'ज्ञान भारतम' मोहीम जाहीर केली. घराघरांतल्या माळ्यांवर आणि मठांत पडून असलेली बाडे त्यामुळे पुढे येतील, अशी अपेक्षा आहे. कोणी उत्साहाने ती मोबाइलवर टिपणार असेल, तर त्याने निदान फोनमधला सर्वोच्च दर्जा निवडावा आणि मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपने न पाठवता जशीच्या तशी द्यावी.

अर्ज, सातबारा आणि फ्लेक्स

सामान्य माणसाची गाठ फाइलच्या प्रकाराशी पडते ती ऑनलाइन अर्ज भरताना. बँकभरतीच्या अर्जात छायाचित्र २० ते ५० किलोबाइटचे आणि स्वाक्षरी १० ते २० किलोबाइटची, दोन्ही जेपेगमध्ये मागितली जातात. अर्जाचा शेवटचा दिवस असतो आणि फोटो काही केल्या चढत नाही. कारण बहुधा एचईआयसी हे असते. अ‍ॅपलने २०१७ पासून आयफोनमध्ये हा प्रकार आणला. जेपेगच्या जवळपास निम्म्या जागेत तेवढाच दर्जा देणारा हा प्रकार तंत्राच्या दृष्टीने सरस आहे, पण अनेक संकेतस्थळे त्याला ओळखत नाहीत.

अशा वेळी काही जण फाइलच्या नावातली शेवटची अक्षरे बदलून जेपीजी करतात. त्याने काहीच साधत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतली डाळ बदलत नाही. फाइल योग्य साधनाने रूपांतरित करावी लागते किंवा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आधीच सर्वत्र चालणारा जेपेग प्रकार निवडावा लागतो. किलोबाइट कमी करायचे असतील, तर आधी फोटोची लांबी-रुंदी अर्जात सांगितली आहे तेवढी करावी आणि मग दर्जा उतरवावा. केवळ दर्जा उतरवत गेल्यास चेहऱ्याच्या जागी चौकोन उरतात. हे सारे प्रतीवर करावे, मूळ फोटोला हात लावू नये.

सातबाऱ्याच्या उताऱ्याचा किंवा निकालाचा स्क्रीनशॉट ठेवायचा असेल, तर पीएनजी योग्य. १९९६ मध्ये आलेला हा प्रकार काहीही न गाळता दाबणी करतो, त्यामुळे अक्षरे स्वच्छ राहतात. त्याला पारदर्शक पार्श्वभूमीही ठेवता येते. जळगावच्या सराफ व्यावसायिकांना दागिन्याची पार्श्वभूमी काढून तो जाहिरातीत बसवायचा असतो, तेव्हा पीएनजी उपयोगी पडते. निसर्गदृश्याचा फोटो मात्र पीएनजीत ठेवला, तर फाइल विनाकारण कित्येक पट फुगते. जीआयएफमध्ये अवघे २५६ रंग मावतात. हलत्या गमतीदार चित्रांपुरताच त्याचा उपयोग उरला आहे.

सोन्याच्या दागिन्यांच्या बाबतीत फाइलबरोबर रंगपटाचाही विचार करावा लागतो. १९९६ मध्ये ठरलेला एसआरजीबी हा रंगपट बहुतेक सर्व मोबाइल व संगणक समजून घेतात. अ‍ॅडोबी आरजीबीचा आवाका मोठा आहे, पण त्या रंगपटातला फोटो एखाद्या जुन्या पडद्यावर निस्तेज दिसतो आणि चोख सोने फिकट वाटते. ग्राहकाला पाठवायचा फोटो म्हणूनच एसआरजीबीमध्ये असावा.

फोटोचा खरा पंचनामा होतो तो फ्लेक्सवर. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चौकाचौकांत झळकतात आणि त्यांतले अनेक चेहरे ओळखू येत नाहीत. दहा फूट रुंद फलक म्हणजे १२० इंच. त्यावर १६०० पिक्सेलचा फोटो ताणला, तर इंचाला १३ ठिपके पडतात. फलक दुरून पाहिला जातो म्हणून कागदाइतकी घनता लागत नाही. तरीही इंचाला १३ ठिपके फारच विरळ होतात. छपाईसाठी मूळ जेपेग किंवा त्यावरून केलेली टिफ द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवणे भाग असेल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा. मग तो न दाबता, जसाच्या तसा पोहोचतो.

पुरावा म्हणून फोटो

मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पहिला पुरावा असतो तो मोबाइलमधला फोटो. मूळ फाइलच्या पोटात फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला आणि स्थाननोंद चालू असल्यास कोठे काढला, याची माहिती असते. राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा आधारही शेतात उभे राहून काढलेला फोटो आणि त्याबरोबर नोंदले जाणारे ठिकाण हाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना ही माहिती पुसली जाते. उरतो तो कोठल्याही बागेचा, कोणत्याही वर्षाचा असू शकेल असा फोटो.

कायद्यानेही या बाबीची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश मूल्य हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजावा. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा बदलतो. फोटो पुन्हा साठवला, कापला किंवा दाबला की ती वेगळी फाइल होते. नुकसानीचा, अपघाताचा किंवा हद्दीच्या वादाचा फोटो काढल्यावर तो फोनमधून पुसू नये आणि त्यावर तारीख-मजकूर लिहिण्याचा मोहही टाळावा. लिहायचेच असेल, तर प्रतीवर लिहावे.

फाइल वाचणारे यंत्र टिकेल का?

केकी मूस यांच्या पिढीतले निगेटिव्ह उजेडासमोर धरले की नुसत्या डोळ्यांनी दिसते. डिजिटल फाइलचे तसे नाही. ती वाचणारे सॉफ्टवेअर नसेल, तर ती निव्वळ आकड्यांची माळ आहे. कोडॅकने १९९२ मध्ये मोठ्या थाटात आणलेला फोटो सीडी हा प्रकार पुढे मागे पडला आणि त्या तबकड्यांतली छायाचित्रे उघडणे जिकिरीचे झाले. २०१२ च्या जानेवारीत तर खुद्द कोडॅकने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.

रॉ फाइलमध्ये हाच धोका आहे. प्रत्येक कंपनीची रचना निराळी आणि बहुधा गुप्त. यावर उपाय म्हणून अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हा खुला प्रकार आणला. काही छायाचित्रकार आपल्या रॉ फाइल त्यात रूपांतरित करून ठेवतात. वेबपी, एव्हीआयएफ, जेपेग एक्सएल असे नवे प्रकारही आले आहेत आणि ते कमी जागेत चांगला दर्जा देतात. संकेतस्थळांसाठी ते उपयुक्त आहेत. पण घरातल्या ठेव्यासाठी नव्याची घाई करू नये. ज्या प्रकाराच्या अब्जावधी फाइली जगात आहेत, तो वाचणारे साधन उद्याही मिळेल. या कसोटीवर जेपेग आणि टिफ सर्वांत भरवशाचे ठरतात.

फाइलचा प्रकार कितीही चांगला असला, तरी एकमेव प्रत असेल तर तिचा भरवसा नाही. याचा सर्वांत कटू दाखला अजिंठ्याचाच आहे. मेजर रॉबर्ट गिल यांच्यावर १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम सोपवले गेले. कित्येक वर्षे खपून त्यांनी केलेली चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती. १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक भस्मसात झाली. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने काढलेली अजिंठ्याची छायाचित्रे मात्र १८६० च्या दशकातच पुस्तकरूपाने छापली जाऊन अनेक ठिकाणी पोहोचली होती. ती आजही पाहता येतात. १८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे.

फोटोंच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी, हा संगणक क्षेत्रातला नियम म्हणूनच घरोघरी पाळण्यासारखा आहे. एक प्रत संगणकात, एक स्वतंत्र हार्ड डिस्कवर आणि एक पुण्या-मुंबईत असलेल्या मुलाकडे किंवा ऑनलाइन साठवणीत, एवढी तजवीज कोणालाही जमू शकते.

थोडक्यात निवड

घरगुती प्रसंग, प्रवास, रोजची छायाचित्रे : सर्वोच्च दर्जाचे जेपेग. फोनमध्ये एचईआयसी असेल तर चालेल, मात्र इतरांना देताना जेपेग करून द्यावे.

लग्न, कठीण उजेड, लेणी, पुन्हा न येणारा प्रसंग : रॉ आणि जेपेग दोन्ही.

पक्षी, खेळ, बातमी : जेपेग.

पोथी, जुनी कागदपत्रे, जुन्या छायाचित्रांचे स्कॅनिंग : मूळ प्रत टिफमध्ये, वापरासाठी जेपेग.

स्क्रीनशॉट, स्वाक्षरी, बोधचिन्ह, पारदर्शक पार्श्वभूमी : पीएनजी. अर्जात जेपेग मागितले असल्यास त्याची प्रत जेपेगमध्ये.

पुरावा : जसा निघाला तसा, न कापता, न दाबता.

या यादीतली एकही ओळ लक्षात राहिली नाही, तरी एक सवय पुरेशी आहे. लग्नाहून, जत्रेहून किंवा गावाहून परतल्यावर ज्याने फोटो काढले, त्याने त्याच आठवड्यात मूळ फाइली संगणकावर उतरवून, वर्षाच्या नावाने फोल्डर करून ठेवाव्यात आणि एक प्रत भावा-बहिणीकडे द्यावी. फोन बदलण्याआधी हे काम झालेले असले, तर स्टुडिओवाल्याच्या 'ओरिजिनल आहे का?' या प्रश्नाला 'आहे' असे उत्तर देता येते.